ओल्या फडक्याचं वजन

मित्रांनो, माझं नेमकं वय कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण चाळिशी ओलांडलेली मी एक तागडी आहे. लोखंडी दांडी, पितळेची दोन पारडी आणि मधोमध सुईसारखा काटा, एवढंच माझं अंग. शहापुरातल्या एका विणकराच्या घरी, मागाच्या खोलीत, मी खुंटीला लटकत असते. मला तराजू म्हणालात तरी मी ओ देईन. जुनं पितळ म्हणालात तर देणार नाही.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी माणसं पाहिली ती तोलण्याच्या वेळी. त्या वेळी माणूस जसा दिसतो तसा तो देवळात दिसत नाही आणि लग्नातही दिसत नाही. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते लपवून ठेवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

माझा जन्म बेळगावात, एका तांबटाच्या दुकानात झाला. १९०६ साल असावं. माझी पारडी ठोकून झाल्यावर तो म्हातारा दोन दिवस ती एकमेकांशी ताडून पाहत बसला. जे पारडं केसभर जड वाटे त्याच्या पाठीवर कानस फिरवी, पुन्हा तोली, पुन्हा फिरवी. गिऱ्हाईक दारात ताटकळत होतं, तरी त्यानं घाई केली नाही. त्या माणसाचं मला कौतुक आहे. ही यादी फार लांबणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

तांबटाकडून मी एका सूतवाल्या सावकाराकडे गेले. हा सावकार विणकरांना सूत तोलून द्यायचा आणि त्या सुताची लुगडी विणून आली की ती तोलून घ्यायचा. देताना त्याचा अंगठा एका पारड्याला टेकायचा, घेताना दुसऱ्याला. रोज सकाळी मला हळदकुंकू लावायचा आणि मग दिवसभर माझ्याकडून खोटं वदवून घ्यायचा. विणकरही काही कमी नव्हते. विणताना थोडं सूत मागे ठेवायचे आणि लुगडं तोलायला आणण्याआधी त्यावर पाणी मारायचे, म्हणजे वजन भरतं. शेलकी युक्ती अशी, की आतल्या घड्या भिजवायच्या आणि वरची घडी कोरडी ठेवायची. सावकार वरून हात फिरवतो, त्याला काही कळत नाही. एकाचा अंगठा आणि दुसऱ्याचं पाणी, आणि मधे मी. दोघंही मला देवी म्हणायचे.

पुढे सावकारानं मोठा काटा आणला आणि मला शामू नावाच्या विणकराला देऊन टाकलं. शामूच्या घरी मी बरीच वर्षं फक्त सूत तोललं. तो वारला. त्याची बायको अंबुबाई, मुलगा सिद्राम आणि सून गुणाबाई, अशी तीन माणसं घरात उरली. सिद्राम मागावर बसायचा, गुणाबाई त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची, आणि अंबुबाई या दोघांना नावं ठेवायची. घर असंच चालायचं.

माझ्या आयुष्यातली सांगण्यासारखी गोष्ट घडली ती सदतीस साली. गुणाबाईला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी वडगावला करायचं ठरलं होतं, पण तिला न्यायला माणूस येण्याआधीच तिच्या पोटात दुखायला लागलं. सुइणीनं रात्रभर धीर दिला आणि पहाटे हात टेकले. मग टांगा आणून तिला बेळगावच्या इस्पितळात नेलं. शहापूर होतं सांगली संस्थानात आणि इस्पितळ इंग्रजी हद्दीत. मधलं अंतर पायी अर्ध्या तासाचं, पण अंबुबाई इस्पितळाबद्दल बोलायची ती सून विलायतेला गेल्यासारखी.

मुलगी झाली. तीन रत्तलांची. मित्रांनो, रत्तल म्हणजे पौंड, सुताचं आमचं नेहमीचं माप. वीस नंबरी सुताच्या वीस लड्या तोलल्या की एक रत्तल होतो. तेव्हा सिद्रामनं घरी येऊन सांगितलं, की पोर साठ लड्यांची आहे. अंबुबाईला ते लगेच समजलं आणि ती कपाळाला हात लावून बसली. साठ लड्यांत धड दोन लुगडीही विणून होत नाहीत.

पाच आठवडे मायलेकी इस्पितळातच राहिल्या. मुलीला कापसात गुंडाळून ठेवलं होतं आणि दर दोन तासांनी थेंबाथेंबानं दूध पाजत होते. ती चार रत्तलांची झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरी न्यायची परवानगी दिली. सोबत सूचनाही दिल्या. दूध दर दोन तासांनी, अंगावर ओढेना तर चमच्यानं. खोलीत धूर नको. अंग सतत उबदार हवं. दर शनिवारी वजन करून आकडा कागदावर लिहायचा आणि तो कागद इस्पितळात आणून दाखवायचा. दोन शनिवार वजन घटलं तर त्याच दिवशी मुलीला परत आणायचं. घरी रत्तलाचा तराजू आहे का, असं बाईंनी विचारलं, आणि सिद्रामला माझी आठवण झाली. एवढ्या वर्षांत प्रथमच.

मुलगी घरी आली त्या दिवशी निम्मी गल्ली आमच्या दारात जमली. बायका आल्या, पदर सावरून वाकल्या, चुकचुकल्या, गूळपाणी प्यायल्या आणि बाहेर पडताच कुजबुजू लागल्या. एकीनं विचारलं, इस्पितळात गुणाला काय खायला घालत होते. दुसरीनं सांगितलं, की सातव्या महिन्यातली मुलं आपल्या माहेरच्या गावी जगत नाहीत. मूल पाहायला आलेल्या या बायांपैकी एकीनंही मुलीच्या आईला जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

अंबुबाईनं शेगडी पेटवून ओव्याची धुरी तयार ठेवली होती. सिद्रामनं ती बाहेर नेऊन ठेवली, तर म्हातारी दिवसभर बोलली नाही. तिचं न बोलणं घराला परवडण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाची नर्सबाई वजन कसं करायचं ते दाखवायला आली. आधी तिनं माझी रिकामी पारडी तोलून पाहिली. काटा मधोमध उभा राहिला. "तागडी खरी आहे," ती म्हणाली. मग तिनं पिशवीतून फ्लॅनेलची दोन सारखी फडकी काढली. एक फडकं घडी करून एका पारड्यात घातलं आणि त्यावर मुलगी ठेवली. दुसऱ्या पारड्यात दुसरं फडकं आणि वजनं. फडक्याला फडकं कटतं, उरतं ते मुलीचं वजन. साधी गोष्ट होती. रत्तलाखालची वजनं घरात नव्हती, म्हणून वरच्या फरकासाठी सिद्रामनं सुताच्या लड्या घेतल्या. नर्सबाईला हसू आलं, पण तिनं ते चालवून घेतलं. तीन आठवड्यांनी पुन्हा येईन म्हणाली.

ती गेली आणि अंबुबाईची जीभ सुटली.

"सुताची तागडी हाय ती," ती म्हणाली. "लेकरू तोलायची न्हवं. तोललेलं लेकरू वाळतंय."

इस्पितळाचा हुकूम मोडायची तिची छाती नव्हती, म्हणून तिनं मधला मार्ग काढला. तोलायचं असेल तर दार लोटून तोला. आकडा तोंडानं उच्चारायचा नाही, मुलीच्या आईपुढेसुद्धा नाही. तोलून झालं की म्हातारी स्वतः मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणार. सिद्रामनं मान डोलावली. गुणाबाई आतल्या खोलीत बाजेवर पडून होती, तिला कुणी विचारलंच नाही. अशा रीतीनं त्या मुलीचं वजन घरात एकट्या सिद्रामला ठाऊक असणार, हे ठरलं. दृष्ट लागू नये म्हणून या लोकांनी मुलीवर नजर ठेवायचंच बंद केलं.

पहिल्या शनिवारी ती चार रत्तल पाच लड्यांची भरली. सिद्रामनं आकडा कागदावर लिहिला आणि हसत हसत बेळगावला गेला. दुसऱ्या शनिवारी चार रत्तल आठ. तिसऱ्या शनिवारी त्यानं माझ्या पारड्यात आठ लड्या टाकल्या आणि मुलगी वरच राहिली. त्यानं एक लडी काढली. ती तरीही वरच. आणखी एक काढली, तेव्हा काटा मधे आला. चार रत्तल सहा. दोन लड्या घटल्या होत्या.

सिद्राम माझ्याकडे पाहत राहिला. जणू मी त्याच्याशी वैर धरलं होतं. त्यानं पारडी झटकली, फडकी बदलली, पुन्हा तोललं. पुन्हा सहा. शेजारच्या खोलीत अंबुबाई गेले दोन दिवस एकच पालुपद लावून बसली होती, की इस्पितळात दुसऱ्यांदा गेलेलं लेकरू परत येत नाही. गल्लीच्या तोंडाशी बायका होत्याच. मागावर अर्धं लुगडं होतं. पण मी त्याला ओळखते. त्याला गल्लीची लाज वाटली नसती तरी त्यानं तेच केलं असतं. तो घाबरला होता. माणसं भितात आणि त्याला माया म्हणतात.

कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता. सिद्रामनं मुलीला कांबळ्यावर ठेवलं, तिच्या फडक्याची घडी उलगडली आणि ओंजळीनं पाणी घेऊन आतल्या घडीवर मारलं. वरची घडी कोरडी ठेवली. बाप सुतावर असंच पाणी मारायचा, तोही तसंच मारत आला होता, हाताला विचार करावा लागला नाही. मग त्या फडक्यावर मुलीला ठेवून त्यानं पुन्हा तोललं. चार रत्तल दहा.

"फुडच्या शनवारी भरून निघंल," तो स्वतःशीच पुटपुटला.

सुताची खोट विणकर अशीच भरून काढतात. या लुगड्यात कमी पडलेलं पुढच्या लुगड्यात. मित्रांनो, पोर म्हणजे लुगडं नव्हे, हे सांगायला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते. मला तोंड नाही. मला काटा आहे, आणि काटा पाण्यालाही तितक्याच इमानानं तोलतो.

कागद पाहून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पोर स्वतः वाढते आहे, तर आता चमच्याचं वरचं दूध बंद करा, नुसतं अंगावर पाजा, म्हणजे तिला ओढायची सवय लागेल, असं त्यांनी सांगितलं. नर्सबाईचीही फेरी त्यांनी दुसऱ्या एका आजारी बाळाकडे वळवली. सिद्राम हे सगळं ऐकून गप्प घरी आला. ज्या मुलीला आणखी दूध हवं होतं, तिचं होतं तेही दूध त्या ओंजळभर पाण्यानं तोडलं.

चौथ्या शनिवारी ती चार रत्तल तीन भरली. आता एक ओंजळ पुरेना, कारण खोट्या आकड्याच्या पुढे जायचं तर मागचं पाणी अधिक नवं पाणी लागतं. त्यानं तीन ओंजळी मारल्या आणि चार रत्तल तेरा लिहिले. मुलगी त्या फडक्यावर पडल्यावर आक्रसली. पूर्वी ती रडायची, त्या दिवशी नुसतं तोंड उघडलं. तोलून झाल्यावर त्यानं तिला स्वतःच्या छातीशी धरून बराच वेळ ऊब दिली, डोळे पुसले, आणि आत नेऊन दिलं. रडणाऱ्या माणसाची मला कीव येत नाही. रडून झाल्यावर तो कागद घेऊन गेलाच.

गुणाबाईला शंका आली होती. मुलगी दूध ओढता ओढता झोपी जात होती, तिचे पाय गार लागत होते, गालांवर आलेलं थोडंसं मांस पुन्हा उतरलं होतं. तिनं सिद्रामला विचारलं. तो म्हणाला, वजन चांगलं आहे. आकडा विचारला तर सासू आतून खाकरली. पोरीला दृष्ट लावतेस का, म्हणाली.

पाचव्या शनिवारी सिद्रामनं सगळ्या लड्या काढल्या, आणि तरीही रत्तलांचं पारडं खालीच राहिलं. मुलीच्या बाजूला एक लडी टाकली तेव्हा काटा मधे आला. इस्पितळातून आली त्याहून मुलगी एका लडीनं कमी होती.  त्यानं फडकं सरळ रांजणात बुडवलं, अर्धवट पिळलं, वर दुसरी कोरडी घडी घातली. पाणी माझ्या पारड्यातून खाली ठिबकत होतं. मुलीनं या वेळी तोंडही उघडलं नाही.

तेवढ्यात दार उघडलं. गुणाबाई बाजेवरून उठून भिंत धरत धरत आली होती. तिनं मुलीला उचललं. फडकं मुलीच्या पाठीला चिकटून वर आलं.

सिद्राम म्हणाला, की पोरीनं आत्ताच ओलं केलं.

गुणाबाईनं फडक्याला हात लावला. मग तो हात तिनं आपल्या गालाला लावून पाहिला.

"मुताचं पानी ऊन असतंय," ती म्हणाली. "ह्ये गार हाय. ह्ये रांजणातलं हाय."

 ती विणकराची मुलगी होती, तिला आणखी विचारायची गरज नव्हती. तिनं मुलीचं अंग आपल्या पदरानं कोरडं केलं, ओलं फडकं फेकून दिलं, माझं पारडं पुसून तळहातांनी चोळून ऊन केलं, आणि कोरड्या घडीवर मुलीला ठेवून स्वतः तोललं. चार रत्तलांना एक लडी कमी. आकडा तिनं मोठ्यानं म्हटला. शेजारच्या खोलीत सासूचं खाकरणं थांबलं.

"सुतावर पानी मारून सावकाराला फशीवतासा, त्ये मी बगितलंय," गुणाबाई म्हणाली. "माझा बापूस बी त्येच करतोय. पर हितं सावकार कोन हाय, तेवढं सांगा मला."

सिद्राम खाली बसला. आई म्हणत होती, दुसऱ्यांदा गेलेलं लेकरू परत येत नाही, एवढं तो कसंबसं बोलला.

"मग मी बी जातो हिच्यासंगं," ती म्हणाली. "दोगी न्हाई आलो तर न्हाई आलो. ती तागडी घ्या आनि चला."

मित्रांनो, तांबटानंतर माझ्या यादीत दुसरं नाव गेलं ते तिचं. अठरा वर्षांची पोर, बाजेवरून नुकती उठलेली.

मुलीला तिनं चोळीच्या आत उघड्या छातीशी धरलं आणि वरून घोंगडं घेतलं. टांगा मिळेपर्यंत ती थांबली नाही, चालत निघाली. मागून सिद्राम, त्याच्या खांद्यावर मी. माझी पारडी एकमेकांवर आपटून वाजत होती, त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनीही वळून पाहिलं. शहापूरच्या नाक्यापाशी कुठे टांगा मिळाला. अंबुबाई दारात उभी होती. तिनं अडवलं नाही. अडवायला काही सुचलं नसावं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आधी मुलीला पाहिलं आणि नर्सला हाक मारली. उबेला ठेवलं, चमच्यानं दूध सुरू केलं. मग त्यांच्या काट्यावर तोललं. तीन रत्तल आणि पंधरा औंस. त्यांनी सिद्रामचा कागद हातात घेतला, एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि मग माझ्याकडे.

"ही तागडी मोडीत घाला," त्या म्हणाल्या. "पडून वाकली असेल. हिनं मला दोन आठवडे फसवलं."

आयुष्यात मी पुष्कळ ऐकून घेतलं आहे, पण ते शब्द मला लागले. सिद्रामकडे पाहिलं तर तो खालच्या फरशीकडे पाहत होता. त्याच्यापुढे वाट मोकळी झाली होती. मान डोलावली की झालं. दोष पितळेचा, बाप निर्दोष, आणि मी मोडवाल्याच्या पोत्यात. गुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती एक शब्द बोलत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती. हा मान डोलावणार, याबद्दल मला शंका नव्हती. एकतीस वर्षांत मी माणसांना दुसरं काही करताना पाहिलं नव्हतं.

"तागडी खरी हाय, बाई," सिद्राम म्हणाला. "पानी मी घातलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. कुठल्या शनिवारी किती ओंजळी आणि का, तेही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खरे आकडे आठवतात का. त्याला ते तोंडपाठ होते. दर वेळी त्यानं आधी कोरडं तोललं होतं आणि ते वजन मनात घेऊन आठवडा काढला होता. बाईंनी खोटे आकडे खोडले आणि शेजारी खरे लिहिले. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, आणि त्यांनी रागवावं अशी माझी इच्छाही होती.

"सिद्राम, वजन घटलं म्हणून मी कुणाला दोष देत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "घटलं हे कळलं, तरच मला काही करता येतं. चांगला आकडा पाहून मी हिचं दूध कमी केलं."

ते वाक्य ऐकून तो माणूस जसा मोडला, तसा तो ओरडण्यानं मोडला नसता.

मायलेकी आणखी अठरा दिवस तिथे राहिल्या. पहिले चार दिवस काही सांगता येत नाही, असंच उत्तर मिळायचं. सिद्राम रोज सकाळी जाऊन यायचा आणि मग मागावर बसायचा. कांड्या भरायला कोणी नव्हतं, तर अंबुबाईनं न सांगता चरखा पुढे ओढला. तिला नीट दिसत नव्हतं, सूत दर घटकेला तुटायचं, ती गाठ मारायची आणि पुन्हा फिरवायची. संध्याकाळी भाकरी बांधून द्यायची. एकदा तिनं विचारलं, आज किती भरली. आकडा विचारला तिनं, स्वतःच्या तोंडानं. तरी माझ्या यादीत ती नाही. उशिरा आलेल्या शहाणपणाला मी पारड्यात घेत नाही.

मुलगी दुसऱ्यांदा घरी आली तेव्हा पाच रत्तलांना थोडी कमी होती. सूचना पुन्हा त्याच होत्या. पहिला शनिवार उजाडला. या वेळी दार उघडं होतं. गुणाबाई मुलीला घेऊन समोर बसली, अंबुबाई उंबऱ्यात. सिद्रामनं हात धुतले आणि धोतराला इतके पुसले, की ते लाल झाले. मग तोलायला घेतलं. लड्या टाकता टाकता तो थांबला. मी पाहत होते. मुलगी एका लडीनं घटली होती.

 त्यानं कागद मांडीवर घेतला. बोरू हातात धरून त्यानं एकदा मान वळवली. रांजण दोन हातांवर होता. मग त्यानं घटलेला आकडा घटलेलाच लिहिला, कागदाची घडी केली आणि त्याच पावली बेळगावला निघाला. बाईंनी दुधाचं प्रमाण वाढवून दिलं. पुढच्या शनिवारी ती चार लड्यांनी वाढली.

सहा रत्तल भरल्यावर बारसं झालं. नाव ठेवलं राजाबाई. सहा रत्तलांच्या जिवाला हे नाव! माणसांना प्रमाण कधी कळलंच नाही.

सिद्रामनं त्यानंतर सुतावर पाणी मारायचं सोडलं, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. सोडलं नाही. सावकाराकडे जायच्या आदल्या दिवशी तो अजूनही रांजणाकडे जातो. तो काही संत झाला नाही, आणि झाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. एवढंच झालं, की पाणी कुठे मारायचं नाही हे त्याला कळलं. फार थोड्या माणसांना तेवढं तरी कळतं.

पुढे लढाई सुरू झाली, सूत मिळेनासं झालं. जे मिळे ते कंट्रोलच्या दुकानात तोलूनच हाती येई. माझी गरज संपली. माझ्यावर धूळ बसली, एका पारड्यात कोळ्यानं घर केलं. परवा गल्लीत स्वराज्याची मिरवणूक निघाली, घराघरावर तोरणं लागली, भांडी घासूनपुसून ठेवली, पण माझ्याकडे कुणी वर पाहिलं नाही. मला त्याचं दुःख आहे. ते मी लपवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा नाजूक जीव इस्पितळातून येईल. तेव्हा त्याला पाहायला येणाऱ्यांना गूळपाणी द्या आणि वाटेला लावा. त्याच्या आईला जेवू घाला. त्याच्या अंगाखालचं फडकं कोरडं ठेवा. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा त्यांना बरं वाटेल ते सांगू नका, आहे ते सांगा. याहून जास्त मी तुमच्याकडून मागत नाही, कारण याहून जास्त तुमच्याच्यानं होईल असं मला वाटत नाही.

आता शेवटचं. माझी एक दोरी तुटलेली आहे, ती कशी तुटली तेवढं सांगते. राजाबाई पाच वर्षांची असताना एका दुपारी मोडक्या पेटीवर चढली आणि झोका समजून माझ्या पारड्यात उभी राहिली. दोरी तटकन तुटली, ती धपकन खाली बसली आणि तिनं गल्ली डोक्यावर घेतली. सिद्राम माग सोडून धावत आला. तिचे हातपाय चाचपून पाहिले, काही झालं नव्हतं. मग त्यानं माझी तुटलेली दोरी हातात घेतली, तिचं टोक न्याहाळलं आणि गुणाबाईला हाक मारून ते दाखवलं. पोरीच्या वजनानं तुटली, म्हणाला. दोघं तिथेच जमिनीवर बसून हसत राहिली, आणि मधे ती पोर ओरडत होती.

दोरी अजून कुणी बांधलेली नाही. मी आजवर कुणालाही क्षमा केली नाही, सावकाराला नाही आणि सिद्रामलाही पुरती नाही. त्या पोरीला मात्र मी त्याच दुपारी केली.